साडेअकरा ते दोनचा चोर

आमच्या इमारतीत मीटर वाचायला माणूस आत येणं बंद झालं ते माझ्यामुळे. त्याबद्दल सोसायटीनं मला शाल आणि नारळ दिला होता. नारळाची चटणी झाली, शाल अजून आहे.

मी तेव्हा शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवत होते आणि आमच्या सोळा बिऱ्हाडांच्या सोसायटीची सेक्रेटरीही होते. (निवडणूक वगैरे झाली नव्हती. मी सभेत बोलायला उभी राहिले आणि खाली बसेपर्यंत सेक्रेटरी झाले होते.) विरारहून आगाशीला जाणाऱ्या रस्त्यावर आमची चार मजली इमारत. घरात आम्ही तिघं. मी, रोज मुंबईला बँकेत जाणारे आमचे हे आणि माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर सासूबाई संगमेश्वरहून कायमच्या आमच्याकडे आल्या होत्या. स्वभावानं शांत. दिवसभर घरात एकट्या असायच्या. त्यांना कशाची कमी पडणार नाही याची मी पूर्ण काळजी घेतली होती, असं मी सगळ्यांना सांगत असे.

मीटरच्या खोलीची किल्ली आमच्याकडे असायची. त्यामुळे महिन्यातून एकदा मीटर वाचणारे घरतमामा दुपारी किल्ली मागायला तिसऱ्या मजल्यावर यायचे. सासूबाई त्यांना चहा द्यायच्या, मामा त्यांना अर्नाळ्याच्या मासळीपासून मुलीच्या बाळंतपणापर्यंत सगळं सांगायचे, मग टॉर्च घेऊन खाली जायचे आणि वहीत आकडे लिहायचे. मला हा प्रकार मान्य नव्हता. एकतर मामांचे सहा आणि आठ सारखेच दिसायचे. आणि दुसरं म्हणजे, विसाव्या शतकात माणूस चंद्रावर गेला आणि एकविसाव्या शतकात आमचा मीटर अजून टॉर्चनं वाचला जातोय, हे विज्ञानशिक्षिकेला शोभत नव्हतं.

तेवढ्यात वीज कार्यालयाचं पत्र आलं. त्यांना एखाद्या इमारतीत नव्या पद्धतीचे रेडिओ मीटर बसवून बघायचे होते. मीटर आपला आकडा आपणच हवेतून पाठवणार, माणूस फाटकाशी उभा राहून हातातल्या यंत्रावर तो घेणार. रहिवाशांची संमती हवी, असं पत्रात म्हटलं होतं. मी सोळाही जणांची संमती त्याच दिवशी कळवली. सोळा जणांना ती नंतर कळवली.

मग गच्चीवर मी व्याख्यान ठेवलं. शाळेतून फळा आणला होता. तळमजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, रेडिओ मीटर म्हणजे गाणी लागणार का. मी त्यांना रेडिओ लहरी समजावल्या. त्यांनी पुन्हा विचारलं, पण गाणी लागणार का. आमच्या शेजारच्या दारातल्या फिलोमिना मावशी मागे उभ्या होत्या. मूळच्या राजोडीच्या, नवरा गेलेला, मुलगा आखातात. केक करून विकायच्या. त्यांनी हात वर करून विचारलं, "टीचर, तो मीटर आमच्या घरात आमी काय करतो ते पन सांगनार काय?"

मी हसून म्हटलं, "मावशी, लपवायचं काही नसेल तर घाबरायचं कशाला?"

सगळे हसले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत, पण त्यांना विनोद उशिरा कळतात असं माझं तेव्हा मत होतं.

गणपतीनंतर मीटर बसले. पहिल्या वाचनाच्या दिवशी मी मुद्दाम अर्धी रजा टाकली. मोटरसायकलवरून एक अनोळखी माणूस आला, फाटकाशी थांबला, जाड्या कॅल्क्युलेटरसारखं यंत्र बाहेर काढलं, दोनतीन बटणं दाबली आणि निघून गेला. मी हातातल्या घड्याळात बघितलं, दोन मिनिटं दहा सेकंद. मी गॅलरीत उभ्या उभ्या टाळ्या वाजवल्या. मागे वळले तर सासूबाई दारात चहाचा कप घेऊन उभ्या.

"वर नाही येणार तो?"

"यायची गरजच नाही आई! हीच तर गंमत आहे."

त्यांनी कपाकडे बघितलं आणि आत गेल्या. मी डायरीत दोन मिनिटं दहा सेकंदांची नोंद केली. कपाची केली नाही.

पुढच्या महिन्यात आमचे युनिट वाढले. त्याच्या पुढच्या महिन्यात जवळजवळ दुप्पट झाले. सोसायटीची बिलं वाटायचं काम माझ्याकडे असल्यामुळे इतर पंधरा जणांचे आकडेही मला दिसत होते. कुणाचेच वाढले नव्हते. नवे मीटर आणणाऱ्या, विजेच्या बचतीवर शाळेत दरवर्षी प्रदर्शन भरवणाऱ्या सेक्रेटरीच्याच घरात वीज दुप्पट! मी हे प्रकरण हातात घेतलं.

आधी घरात शिस्त आणली. इस्त्री आठवड्यातून एकदा, गीझर दहा मिनिटं, रिकाम्या खोलीत पंखा दिसला तर जबाबदार व्यक्तीचं नाव फ्रिजवरच्या कागदावर. तिथेच भारनियमनाचं वेळापत्रकही लावलं होतं. यांनी थोडी कुरकुर केली. सासूबाईंनी मात्र सगळं निमूट पाळलं. उलट त्या महिन्यांत त्या फारच सहकार्य करत होत्या. आपल्या पलंगाखालचा केर त्या स्वतः काढायला लागल्या, मला वाकू देईनात. संध्याकाळी मी शाळेतून आले की घरभर धूप घातलेला असायचा, इतका की देव दिसेनात. वयाबरोबर भक्ती वाढते, असं मी स्टाफरूममध्ये सांगितलंही.

युनिट काही कमी होईनात. मग मी प्रयोग केला. घरातला मुख्य खटका बंद केला आणि खाली जाऊन बघितलं, तर आमच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबलेला. म्हणजे मीटर बरोबर, तारही आमचीच. फक्त वीज खाणारं तोंड दुसऱ्या कुणाचं तरी होतं. मी बिलांचा गठ्ठा पुन्हा काढला, आणि त्यात मला हवं ते सापडलं. ज्या महिन्यापासून आमचे युनिट वाढले होते, बरोबर त्याच महिन्यापासून एका घराचे कमी झाले होते. फिलोमिना मावशींच्या. त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत एकच.

विज्ञानात याला पुरावा म्हणतात. एका रविवारी मी त्या भिंतीला स्टीलचा पेला लावून पाऊण तास ऐकलं. काही ऐकू आलं नाही. (वीज चोरताना आवाज होत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.) हे वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, अगं, राहू दे ना, असतील वाढले. यांचा चेहरा त्या वेळी जरा घामेजला होता, पण पंखा मीच बंद केलेला होता.

मी वीज कार्यालयाकडे रीतसर अर्ज केला. "लगतच्या सदनिकेतून आमच्या वाहिनीवर अनधिकृत जोडणी घेतली असल्याचा दाट संशय आहे" असं वाक्य त्यात घातलं. ते मला इतकं आवडलं की मी यांना दोनदा वाचून दाखवलं.

आठवड्याभरात कार्यालयातून इंजिनिअर मुलगी आली. बघते तर आमच्याच शाळेची मनीषा. दहावीला माझ्या हाताखाली होती. तिनं सांगितलं की हे मीटर नुसता महिन्याचा आकडा ठेवत नाहीत, दर अर्ध्या तासाला किती वीज गेली तेही आत साठवतात. आमच्या मीटरमधली ती सगळी नोंद तिनं उतरवून आलेख काढून आणला होता. मोठ्या कागदावर, अक्षांना नावं देऊन. माझा ऊर भरून आला. ती हळूच म्हणाली, "बाई, आपण आत बसून बघू या का? घरच्या घरीच?"

मी म्हटलं, "मुळीच नाही. सत्य सगळ्यांसमोर आलं पाहिजे." आणि तासाभरात तातडीची सभा बोलावली.

शनिवारची संध्याकाळ होती. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत सगळे जमले. फिलोमिना मावशी आल्या, सासूबाईही जिना उतरून आल्या, त्याचं मला कौतुक वाटलं. हे मात्र मागे, अगदी फाटकाजवळ उभे राहिले. मी मनीषाचा कागद भिंतीवर चिकटवला आणि वर्गात शिकवावं तसं बोलायला लागले. सकाळी हा लहान उंचवटा, तो गीझर. संध्याकाळी हा, तो दिवे आणि टीव्ही. आणि हा बघा, मध्ये, हा डोंगर. रोज सकाळी साडेअकराला चढतो आणि दुपारी दोनला उतरतो. दीड किलोवॅट!

"आता चोराची हुशारी बघा," मी म्हटलं. "शनिवार-रविवार डोंगर नाही. माझ्या शाळेला सुट्टी होती त्या दोन दिवशीही नाही. शाळेचं स्नेहसंमेलन होतं त्या दिवशी डोंगर चारपर्यंत गेलाय. म्हणजे चोराला माझ्या शाळेच्या वेळा माहीत आहेत. आणि भारनियमन होतं त्या दिवशी त्यानं वेळ पुढे ढकललीय. म्हणजे वेळापत्रकही माहीत आहे."

ते वेळापत्रक इमारतीत एकाच ठिकाणी लावलेलं होतं. आमच्या फ्रिजवर. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा माझं वाक्य पूर्ण झालेलं होतं.

मी तरीही न डगमगता अर्ज काढला आणि "लगतच्या सदनिकेतून" हे वाक्य वाचलं. मावशींनी ते ऐकलं, आणि ओरडल्या नाहीत की काही नाही. फक्त म्हणाल्या, "टीचर, माज्यावर?"

तेव्हा सासूबाई उठून उभ्या राहिल्या. पदर सारखा केला.

"फिलोमिनाला काही बोलू नकोस, सुनंदा. ओव्हन मी लावते."

ओव्हन आमच्याकडे होता. चार वर्षांपूर्वी वसईच्या एका प्रदर्शनात मी हौसेनं घेतला होता, त्यात एकदा पाव केला होता, तो पाव आम्ही बरेच दिवस दाराला टेकू म्हणून वापरला. मग हे यंत्र वीज फार खातं असं जाहीर करून मी ते माळ्यावर टाकलं होतं. ते माळ्यावरून कुणी काढलं, असं मी विचारलं. फाटकाजवळून आवाज आला, "मी." आमचे हे. "मी फक्त काढून दिला. आणि डबे बँकेत पोचवतो. बाकी माझा काही संबंध नाही."

मग सगळी हकिगत बाहेर आली. मीटरवाल्याकरता केलेला तो चहा घेऊन सासूबाई त्या दुपारी, मी डायरीत गुंतले असताना, शेजारी गेल्या होत्या. इतकी वर्षं दारातून नुसतं हसायच्या, त्या दिवशी पहिल्यांदा आत गेल्या. मावशी रडकुंडीला आलेल्या, कारण त्यांचा ओव्हन जळाला होता आणि नाताळच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे एक पडलाय. दुसऱ्या दिवसापासून दुपारी आमच्या स्वयंपाकघरात भट्टी सुरू झाली. मावशी केक करायच्या, सासूबाई त्यांच्याकडून नानखटाई शिकल्या, आणि म्हणे मावशींपेक्षा चांगली करायला लागल्या. काम झालं की ओव्हन सासूबाईंच्या पलंगाखाली जायचा, आणि वास जावा म्हणून धूप.

"आणि अंडी?" मी विचारलं. आमच्याकडे अंडं चालत नाही. एवढ्या सगळ्यात मला हाच प्रश्न सुचला.

"अंडी ती तिच्या घरी फोडून आणते," सासूबाई म्हणाल्या. "मी त्या वेळी दुसरीकडे बघते."

मी भोवती बघितलं. एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. उरलेली चौदाही बिऱ्हाडं गिऱ्हाइकं होती. तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, पहिल्या खेपेची नानखटाई जरा खुसखुशीत होती. पण सगळ्यात मोठा धक्का पुढेच होता. आमच्या स्टाफरूममध्ये काही महिने एक नानखटाईचा डबा यायचा. राजोडीच्या कुणी बाई करतात, एवढंच मला माहीत होतं. मी रोज मधल्या सुट्टीत चार खायचे. एकदा तर मी मैत्रिणींना म्हटलं होतं की कृती मिळाली तर आईंना देईन म्हणते, पण त्यांना काही हे जमायचं नाही. ते वाक्य शाळेतून इमारतीत, आणि इमारतीतून सासूबाईंपर्यंत तीन महिन्यांपूर्वीच पोचलेलं होतं. त्याला रेडिओ लहरी लागल्या नव्हत्या.

मला राग यायला हवा होता. तो येईना. मी सासूबाईंना विचारलं, मला का नाही सांगितलंत?

त्या म्हणाल्या, "तू फ्रिजवर नाव लिहिलं असतंस." मग म्हणाल्या, "मीटरवाले घरत यायचे तेव्हा निदान बेल वाजायची गं महिन्यातून एकदा. आता दुपारी कुणीतरी असतं."

वर्गात अडले की मी फळा पुसते. तिथे फळा नव्हता, म्हणून मी भिंतीवरचा कागद काढला आणि त्याची घडी घालत बसले. मनीषा मदतीला आली. माझा अर्ज तिनं मला परत दिला आणि जाताना मावशींकडे तिच्या कार्यालयासाठी दोन किलो केक सांगून गेली.

त्या संध्याकाळी मी फिलोमिना मावशींच्या दारात गेले. माफी मागण्याचा मला सराव नव्हता, त्यामुळे मी ती मुद्देसूद मागितली. एक, संशय घेतला. दोन, लेखी घेतला. तीन, सभेत वाचला. पेल्याचाही मुद्दा होता, तो मी चौथा म्हणून सांगितला. मावशींनी सगळं ऐकून घेतलं, मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "पेला लावला त्या दिवशी रविवार होता, टीचर. आमी चर्चमदी होतो." मग त्या हसायला लागल्या, आणि मग मीही.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मला वाटलं, नुसती माफी मागून भागणार नाही, आपण या कामात सहभागी झालं पाहिजे. दोघी अंदाजानं भाजतात. हाताला धग किती लागते त्यावरून. त्यांना शास्त्रीय पाया मिळाला तर धंदा कुठल्या कुठे जाईल. मी तसं सुचवलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, रविवारी एक घाणा लावून बघ.

रविवारी मी वहीत गणित मांडलं, तापमान ठरवलं, ट्रे आत सरकवला आणि झाकण बंद केलं. हातात वेळ होता म्हणून दोघींना समोर बसवून उष्णता कशी प्रवास करते ते सांगायला घेतलं. वहन झालं, अभिसरण झालं. त्या मध्येमध्ये ओव्हनकडे बघत होत्या आणि मी त्यांना लक्ष इकडे द्या म्हणत होते. प्रारणाला आले तेव्हा मावशी नाक वर करून म्हणाल्या, टीचर, वास येतोय. मी म्हटलं, प्रश्न शेवटी.

धूर गॅलरीतून बाहेर गेला तेव्हा तळमजल्यावरचे आजोबा बादली घेऊन तीन जिने चढून आले. ट्रेवर बत्तीस काळ्या वड्या होत्या, आकारानं अगदी एकसारख्या, हे मी सर्वांच्या नजरेस आणून दिलं. सासूबाईंनी एक उचलून ओट्यावर आपटून बघितली. ओट्याला काही झालं नाही, वडीलाही काही झालं नाही.

"तू शिकव हो," त्या मायेनं म्हणाल्या. "भाजायचं आम्ही बघतो."

अर्थात मी खचले नाही. त्या बत्तीसच्या बत्तीस वड्या डब्यात भरून सोमवारी शाळेत नेल्या आणि नववीच्या वर्गात प्रत्येक बाकावर एकेक ठेवली. इतक्या वर्षांच्या नोकरीत कार्बन हा धडा एकाच तासात सगळ्या वर्गाला कळला, असं ते एकमेव वर्ष.